साडी क्रमांक एकसष्ट

७ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

माझीच साडी आहे ती! फोटो बोटांनी मोठा करकरून बघितला. मोरपंखी नारायणपेठ, लाल काठ, आणि खाली जांभळा फॉल. कल्याणच्या दुकानात मोरपंखी फॉल मिळाला नाही म्हणून आईने जांभळाच लावून घेतला होता. वर म्हणाली होती, "आतून कोण बघतंय!" आता सगळं गाव बघतंय. देवीच्या साड्यांचा लिलाव, क्रमांक एकसष्ट.

नवरात्रात देवीला वाहिलेल्या साड्या कोजागिरीनंतर लिलावात काढायच्या, ही आमच्या गावची जुनी रीत. यंदा कमिटीने लिलाव मोबाइलवर आणलाय. गावातली अर्धी माणसं ठाण्या-डोंबिवलीत, त्यांना खडवलीला उतरून पुढे रिक्षाने यायला वेळ नसतो म्हणे. दादानेच लिंक पाठवली — "बघ, आपली देवी पण ऑनलाइन!" जेवणाच्या सुट्टीत सहज उघडली. डबा तसाच राहिला.

ही साडी आईने माझ्या लग्नासाठी घेतली होती. लग्न काही झालं नाही. का नाही झालं ते इथे लिहीत बसत नाही, कंटाळा आलाय त्याचा. साडी मात्र आईच्या कपाटात राहिली, घडीसुद्धा न मोडता. मी आता अठ्ठेचाळीसची. दिवाळीला गेले की आई कपाट उघडायची तेव्हा ती वरच्या कप्प्यात दिसायची. दोघी काही बोलायचो नाही. मला ती नेसायची नव्हती, पण ती तिथे असायला हवी होती.

कोणी दिली देवीला?

८ ऑक्टोबर, बुधवार

दादाला फोन केला. त्याला काही माहीत नाही. "साड्यांचं मला काय विचारतेस?" मग शीलावहिनी फोनवर आली. मी विचारायच्या आतच म्हणाली, "मंदाताई, मीच वाहिली."

मीच वाहिली! कपाट आईचं, साडी माझी, आणि वाहणारी ही! का, म्हणून विचारलं. ते राहिलं बाजूला. मग एकच — "आईंना यातलं काही विचारू नका हां. त्यांचं बीपी वाढतं." दादाचंही तेच पालुपद. म्हणजे आईला पत्ताच नाही. कपाट उघडल्यावर कप्पा रिकामा दिसला की वाढेल ते बीपी चालतं वाटतं.

वहिनी वाईट नाही, हे मी स्वतःला वीस वर्षं सांगत आलेय. आज नाही सांगवलं. पाचशेची नवी साडी आणायला काय झालं होतं? नणंदेचं आता काय व्हायचंय, जागा तरी मोकळी होईल, असंच वाटलं असणार. फोन ठेवला. काही बोलले नाही तिला. बोलायचीच नाही आता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

देवीला वाहिलेली साडी परत मागता येत नाही. लिलावात घ्यायची, प्रसाद म्हणून. ठीक आहे. घेईन.

पूर्वी हा लिलाव देवळाच्या मंडपात व्हायचा. बायका सतरंजीवर बसायच्या. धोंडीबाअण्णा — तेव्हाही अध्यक्ष तेच, आत्ताही तेच — एकेक साडी उलगडून बोली पुकारायचे. आणि एक गोष्ट होती. एखादीला साडी खरोखर हवी असली, घरात काही कार्य असलं, कुणाची आठवण असली, तर ती उठून जाऊन साडीवर हात ठेवायची. बस. बाकीच्या गप्प बसायच्या. अण्णाही एकच बोली आणखी वाढवायचे, देवीसाठी, आणि "घे बाय" म्हणून साडी तिच्या ओटीत टाकायचे. कुठे लिहिलेलं नव्हतं हे. पण मोडलेलं मी कधी पाहिलं नाही.

आता हात कुठे ठेवायचा? काचेवर?

नियम मात्र भरपूर आहेत. नावं दिसणार नाहीत, फक्त क्रमांक. रोज दहा साड्या, बोली संध्याकाळी पाचला बंद. शेवटच्या क्षणी कोणी बोली लावली तर पाच मिनिटं वाढवून मिळणार, म्हणजे समोरच्यालाही संधी. जिंकणाऱ्याने एका दिवसात पैसे भरायचे, नाहीतर साडी मागच्या बोलीवाल्याला. छान आहेत नियम. कॉलेजच्या परीक्षा विभागात एवढी वर्षं काढली, छान नियम खूप बघितलेत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिसात समीक्षाने नाव नोंदवून दिलं. आमच्या विभागात नवीन लागलीय, फोनवर तिची बोटं भराभर चालतात. मी क्रमांक सत्तावीस. तिला सांगितलं, गावच्या देवीची साडी हवीय. एवढंच.

माझी साडी मंगळवारी निघणार. तोवर बाकीच्यांचं बघत बसले. चव्वेचाळीस नावाचा — नावाचा काय, क्रमांकाचा — कोणी एक आहे, तो प्रत्येक साडीवर आहे. सुती असो, सिल्क असो, लहान मुलीचं परकर-पोलकं असो! कोणी बोली लावली की हा पन्नास रुपयांनी वर. ती वाढवते, हा परत वर. आणि पाच वाजायच्या जरा आधी गायब. एकही साडी घेतली नाही.

समीक्षा म्हणाली, "मॅडम, हा तर फेक आहे. भाव चढवतोय नुसता."

मलाही कळतं गं ते. शेजारच्याचा पेपर बघून लिहिणारा आणि स्वतःच्या डोक्याने लिहिणारा, दोघांची मान वेगळी हलते.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज आणखी एक. कोणी एक, क्रमांक नऊ, शेवटच्या क्षणाला चढली. पाच मिनिटं वाढली. बरोबर. पुढच्या साडीला दुसरी कोणी अशीच शेवटी चढली — वेळ वाढली नाही, लिलाव बंद, साडी तिची. आदल्या बोलीवालीला काही करताच आलं नाही. मग तिसरीला परत वाढली. कोणाला वाढते आणि कोणाला नाही?

गावच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं. सर्वेशचं उत्तर — "सर्वर इश्यू." सर्वेश कमिटीचा खजिनदार, कंप्युटर शिकलेला, त्यानेच हे सगळं उभं केलंय. प्रश्नाखाली पंधरा जणांनी हात जोडले. विषय संपला.

१२ ऑक्टोबर, रविवार

कपडे धुतले, पडदे धुतले, दिवाळीची म्हणून जाळी काढली. बाळकुमच्या या घराला दोनच खोल्या, तरी कंबर धरली. दादाचा फोन आलेला, उचलला नाही. मागे वहिनीचा आवाज आला असता.

१३ ऑक्टोबर, सोमवार

न राहवून ग्रुपवर लिहिलं. नीट, सभ्य भाषेत. चव्वेचाळीस क्रमांक कोणाचा? तो एकही साडी का घेत नाही? वेळ कोणाला वाढवून मिळते आणि कोणाला नाही, याचं काही धोरण आहे का? धोंडीबाअण्णांच्या पुतण्याने, चंदूने, गुरुवारी घेतलेल्या साडीचे पैसे अजून भरलेले नाहीत, असं तो स्वतःच परवा ग्रुपवर म्हणाला — मग एका दिवसाचा नियम त्याला का नाही?

तासाभराने सर्वेशने सूचना टाकली: "ग्रुपवर फक्त देवीविषयी पोस्ट कराव्यात. नियम मोडणाऱ्यांना काढण्यात येईल." आणि त्याच्या खालोखाल चंदूने सुप्रभातचा फोटो टाकला, गुलाबाचा. दुपारी साडेतीनला सुप्रभात! त्याला नाही कोणी काढलं.

मग अण्णांना सरळ फोन केला. ते वडिलांच्या बरोबरीचे, पण आता बोलायचंच ठरवलं होतं. चिडले नाहीत. उलट हसले.

"अगं मंदे, चव्वेचाळीस म्हंजे मीच समज. देवीच समज. मंडपात मी वाढवायचो नाही का बोली? तवा कोण बोललं नाय मला."

"अण्णा, तेव्हा तुम्ही समोर दिसायचात. 'अण्णा, पुरे' म्हणता यायचं."

"मग आता म्हण."

"कोणाला म्हणू? चव्वेचाळीसला?"

अण्णांनी विषय बदलला. मग म्हणाले, सभामंडपाचा पत्रा गळतो, पावसात भजनाला बसता येत नाही, पैसा कोणाच्या घरी जात नाही. खरं असेल. अण्णांनी देवीचा पैसा खाल्ला असं मी मेले तरी म्हणणार नाही. पण मग लपायचं कशाला?

साडीचं मात्र सांगितलं नाही त्यांना. तोंडाशी आलं होतं. त्यांनी विचारलं असतं, घरची साडी देवीकडे आली कशी, मग वहिनीचं नाव निघालं असतं, संध्याकाळपर्यंत पारावर. एवढी रागावलेय तिच्यावर, तरी नाही सांगवलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गेली.

सकाळपासून फोन टेबलावर उभा करून ठेवला होता. एटीकेटीचे फॉर्म तपासायचे होते, एक धड तपासला नाही. सातशेपासून सुरू. मी, मग चव्वेचाळीस, मग मी, मग चव्वेचाळीस. मग बारा क्रमांक कोणीतरी मध्ये आली. तिला खरंच हवी होती, कळत होतं. ती थांबून थांबून बोली लावायची. विचार करून, घरात कोणाला तरी विचारून. चव्वेचाळीस तसा थांबत नाही.

चार हजारांच्या वर गेली. तेवढ्याची ती साडी नाही, आईने घेतली तेव्हाही नव्हती. तरी लावली. पाचला मिनिट कमी असताना मी वर होते. समीक्षा खुर्चीमागे उभी — "मॅडम, होतंय, होतंय." आणि शेवटच्या क्षणाला बारा! मी म्हटलं, पाच मिनिटं वाढतील आता. वाढली नाहीत. 'लिलाव समाप्त. विजेता क्रमांक १२. जय माता दी.'

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. एका साडीसाठी, या वयात! आईने माझ्यासाठी म्हणून काही जपून ठेवलंय, माझ्या सुखाची कोणी वाट बघतंय, असं दाखवायला ती एकच वस्तू होती. बाकी सगळ्यांनी विचारायचं कधीच सोडून दिलं. वहिनीने तीही उचलून दिली, आणि मला ती विकतसुद्धा परत घेता येत नाही.

समीक्षाने चहा आणून ठेवला. चांगली मुलगी आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ग्रुपवर आवाजी निरोप आला. म्हातारा, दमलेला आवाज. "मी डोंबिवलीवरून विमलाबाई बोलतेय. त्या हिरव्यानिळ्या साडीचे पैसे भरायला मुलगा बसलेला, पण ते होत नाही, फिरतंच राहतं नुसतं. सर्वेशला फोन लावतेय, उचलत नाही. सुनेचं डोहाळजेवण आहे हो, देवीची साडी नेसवायची आहे. मी शनिवारी पैसे हातात आणून देते. साडी ठेवा माझी."

बारा क्रमांक. विमलाबाई आमच्याच गावची माहेरवाशीण. मंडपात बसायची. माझ्याही ओटीत एकदा तिने खोबरं घातलेलं आठवतंय.

खाली सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सर्वेशचा फोन. आवाज एकदम गोड.

"ताई, तुमची कंप्लेंट होती ना, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे? बरोबर आहे तुमचं. एकसष्ट नंबरचं पेमेंट एका दिवसात आलं नाही. रूलप्रमाणे ती आता तुम्हाला. घेताय ना?"

मी म्हटलं, "विमलाबाईंचे पैसे जात नव्हते. त्यांनी सांगितलंय."

"ते सर्वर इश्यू आहे. पण रूल इज रूल ना ताई. तुम्हीच बोललात."

"आणि चंदूचे आले?"

"चंदूचं वेगळं आहे. तो कमिटीत आहे."

सगळं उघड होतं. अण्णांनी सांगितलं असणार — मंदेचं तोंड बंद करा. मला गप्प करायला एका म्हातारीवर नियम चालवला, आणि तो नियम मीच त्यांच्या हातात दिला होता. मला नाही म्हणायला हवं होतं. कोणाही विद्यार्थ्याने असं काही केलं असतं तर मी त्याला उभ्या उभ्या सुनावलं असतं.

म्हटलं, घेते.

पैसे पहिल्या झटक्यात गेले. सर्वर इश्यू आला नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

विमलाबाईंचा आणखी एक निरोप. ऐकला नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सर्वेश ठाण्यात तलावपाळीला भेटला, बाइकवरून उतरलासुद्धा नाही. पिशवी दिली, वर देवीचा अंगारा, साखरफुटाण्यांची पुडी. पोरगं काही बदमाश वाटत नाही. डोळे तारवटलेले. सांगत होता, रात्री जागून हे सगळं केलं, फुकट केलं, आणि गाव शिव्या घालतं. अण्णा सांगतात याला वाढव, त्याला वाढवू नको, मी काय करू?

"तुला नाही म्हणता येत नाही का?"

"तुम्हाला येतं?" म्हणाला. उद्धटपणे नाही. सहजच.

विमलाबाईंना काय सांगितलं, विचारलं. म्हणाला, दुसरी साडी देतोय त्यांना, सिंथेटिक, चांगली आहे. त्या आज पैसे घेऊन देवळात आल्या होत्या. अण्णांनी नियम समजावून सांगितला. देवीच्या पाया पडून गेल्या.

घरी येऊन पिशवी पलंगावर ठेवली. वास तोच आहे, आईच्या कपाटाचा. जवळ घेऊन बसले खूप वेळ. आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, पण सोडवतही नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

फराळ विकतचाच. शेजारच्या काकूंनी चिवडा दिला, घरचा. त्यांना म्हटलं भाऊबिजेला गावी जातेय. "आईसाठी काय नेताय?" म्हणाल्या. म्हटलं, साडी.

२२ ऑक्टोबर, पाडवा

उद्या खडवली. काय बोलायचं ते मनात दहादा म्हणून झालंय. दादाला ओवाळीन. मग वहिनीच्या देखत साडी आईच्या मांडीवर ठेवीन आणि सांगेन, ही घरातून गेली होती, मी परत आणली. कोणी दिली, ते नाव घेणार नाही. नाव न घेता चेहरा कसा होतो ते मला बघायचंय. पंधरा दिवस तिच्याशी एक शब्द बोलले नाहीये, उद्याही बोलायचा नाही.

आईचं बीपी वाढलं तर वाढलं. रिकाम्या कप्प्यापेक्षा बरं. एवढ्या भानगडी करून, एका म्हातारीच्या हातातली काढून आणलीय, ती आईच्या कपाटात परत गेली की मग मला झोप लागेल.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

साडी मांडीवर ठेवली. आई बघतच राहिली. "ही देवीची झालेली गो. तू कशाला आणलीस?"

तिनेच दिली होती. देवळाच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत म्हणून वहिनीच्या हातून. नवस जुना. माझ्या लग्नाचा नव्हेच. "बोललेले देवीला, माझी मंदा एकटी सुखात राहते हे डोळ्यांनी बघितलं, की तिच्यासाठी ठेवलेली साडी तुझी. श्रावणात तुझ्याकडे आठ दिवस राहिले ना. तू सकाळी खिडकीत चहा घेऊन बसलेलीस, गुणगुणत होतीस. माझं मन निवलं." आणि वहिनीला तिनेच शपथ घातली होती — मंदेला सांगू नको, तिला वाटेल आईने आशा सोडली.

वहिनी औक्षणाचं ताट घेऊन दारात उभी होती. मला तिच्याकडे बघवलं नाही.

आईने घडी सारखी केली आणि साडी माझ्या हातात दिली. म्हणाली, "परत आणलीस. म्हंजे आता मी परत काळजी करायची?"